पातेऱ्याचा हिशोब: मार्च ते ऑक्टोबर २०२५

१६ मार्च

पालखी अजून वाडीवाडीत फिरतेय, ढोलाचा आवाज संपत नाही आणि मी ओटीवर बसून ही वही उघडलीये. मॅडमनी विषय पास केला एकदाचा. पुढच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट आहे पण पानं आत्ताच गळतायत, त्यामुळे थांबून चालणार नाही.

विषय सोप्या भाषेत असा: झाडाचं पान पडलं की त्यातलं काय कुठे जातं. बारावीत आपण सगळे तो पिरॅमिड काढतो ना, खाली गवत, मग नाकतोडा, मग बेडूक, मग साप, वर घार, आणि प्रत्येक पायरीला खालच्या ऊर्जेतले दहा टक्केच वर जातात. मी पण काढला, मार्क पण मिळाले. पण आमच्या घरामागच्या ऐनाखाली उभं राहिलं की तो पिरॅमिड कुठेच दिसत नाही, कारण ऐनाची पानं हिरवी असताना खातं कोण? थोडी अळ्या खातात, थोडी वानरं ओरबाडतात, आणि बाकीची सगळी गपचूप खाली पडतात. जंगलात जितकी पानं तयार होतात त्यातली साधारण दहाएक टक्केच जिवंतपणी खाल्ली जातात, बाकी सगळा माल पातेऱ्याच्या (खाली पडलेल्या वाळक्या पानांच्या) वाटेने जातो. म्हणजे खरा धंदा खाली चाललाय आणि आपण वरचं दुकान मोजत बसलोय.

जाळीच्या पिशव्यांत पानं भरून जमिनीवर ठेवायची, मधे मधे उचलून किती उरलं ते मोजायचं. त्यासाठी दोन जागा ठरवल्या. गावची देवराई आणि आमची काजूची बाग. तिसरी जागा म्हणजे आबांची भाताची दाढ (रोपं करायचा तुकडा), तिथे पिशव्या नाही ठेवायच्या पण राबाचा, म्हणजे तिथे जे भाजतात त्याचा, हिशोब ठेवायचा.

१९ मार्च

देवराईत जाळ्या ठेवायच्या तर परवानगी कोणाची? वनखात्याची नाही, देवाची. गुरवकाकांनी आधी मला नीट प्रश्न विचारले, पान बाहेर न्यायचं नाही ना, फांदी तोडायची नाही ना. मी म्हटलं पिशवीतलं मीच बाहेरून आणणार, कुजलेलं परत मोजायला नेणार, मूठभर. त्यांना मूठभर पण पटेना. इथली वाळकी काटकी पण कुणी चुलीला नेत नाही. शेवटी नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं ("ह्या लेकराच्या कामाला यश दे, काय चुकलंमाकलं तर पदरात घे" वगैरे) आणि देवाने परवानगी दिली असं काकांनी सांगितलं.

परत येताना डोक्यात आलं की तो नियम इकॉलॉजीच्या भाषेत किती कडक आहे. काहीच बाहेर जायचं नाही. पान, काटकी, फळ, पडलेलं अख्खं झाड, सगळं तिथेच. बाजूच्या वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीवर याच्या बरोब्बर उलटं, तिथलं सगळं उचलून दुसरीकडे न्यायचं. दोघांच्या मधे एक गडगा (दगडी कुंपण) आहे, कमरेएवढा.

२ एप्रिल

आज कवळाचे भारे मोजले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (म्हणजे मॅडमसाठी, त्या घाटावरच्या): भाताची रोपं जिथे तयार करायची त्या तुकड्याला दाढ म्हणतात. लावणीच्या क्षेत्राच्या साधारण दहावा हिस्सा दाढ लागते. त्या दाढीवर शेण, कवळ म्हणजे ऐन-किंजळीच्या पानांसकट तोडलेल्या फांद्या, मग पातेरा नि गवत, आणि वर मातीचा थर घालून ते भाजतात. हा राब.

आमची दाढ अडीच गुंठ्यांची. मासे तोलायचा टांगता वजनकाटा आणला, एकेक भारा अडकवून बघितला. साधारण बारा ते सोळा किलोचे भारे, बेचाळीस निघाले. पाठीचा कणा काय असतो ते कळलं. बेचाळीस गुणिले चौदा, म्हणजे पाचशे अठ्ठ्याऐंशी किलो, शेण आणि पातेरा वेगळाच. हे सगळं वरच्या टेपावरून (टेकाडावरून) डोक्यावर घेऊन खाली आणलेलं. डोंगराच्या अंगावरचे पोटॅश, कॅल्शियम, फॉस्फरस आम्ही दरवर्षी डोक्यावरून वाहून अडीच गुंठ्यात ओततो. नंतर ते रोपांच्या मुळातून खाचरात जातं. नकाशावर बाण काढायचे झाले तर हा सगळ्यात जाड बाण, आणि तो एकाच दिशेने जातो, टेपावर परत काही जात नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला आज भारे सोडताना लक्षात आली. झाड पान टाकायच्या आधी त्यातला नायट्रोजन नि फॉस्फरस मागे ओढून घेतं, साधारण निम्मा तरी. पान पिवळं पडतं ते त्याचमुळे, हिरवा माल मोडून फांदीत साठवला जातो आणि पुढच्या पालवीला तोच वापरला जातो. म्हणजे जमिनीवर पडायच्या आधीच एक फेरी पुरी. आता कवळ कधी तोडतात? थंडीत, पानं हिरवी असताना. झाडाला मागे ओढायची संधीच मिळत नाही. तेव्हा पातेरा गोळा करणं आणि कवळ तोडणं हे झाडासाठी सारखं नाही, पहिल्यात झाडाचा कचरा जातो आणि दुसऱ्यात त्याचा पगार.

आबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणून तर एका झाडाचा दरसाल तोडायचा नाय गो." बरं. माहीत होतं तर त्यांना.

१२ एप्रिल

भाजणीचा दिवस. पहाटे पाचला उठवलं, वारा पडलेला असतो तेव्हाच. पेटवतात वाऱ्याच्या उलट दिशेने, म्हणजे आग भडकत पळत नाही, धुमसत हळूहळू सरकते आणि खालची माती नीट तापते. वर माती घालायची ती पण त्याचसाठी.

मी धुराकडे बघून म्हटलं, आबा हा तुमचा नायट्रोजन चालला. पानातला नायट्रोजन दोनशे अंशांच्या पुढे गॅस होऊन उडायला लागतो, पोटॅशियम आणि फॉस्फरस उडायला त्याच्या कितीतरी वर तापमान लागतं म्हणून ते बरेचसे राखेत राहतात, कॅल्शियम पण राहतं. आबांनी विडी पेटवली (त्याच राबाच्या निखाऱ्यावर) आणि विचारलं, "मग राबावरचा तरवा काळाभोर कसा येतो, आणि बिनराबाचा पिवळा?" (तरवा म्हणजे दाढीत वाढलेली रोपं.)

याचं उत्तर मला लगेच देता आलं नाही हे इथे प्रामाणिकपणे लिहून ठेवते. रात्री वाचून काढलं. माती तापली की तिच्यातलेच जिवाणू मरतात, सेंद्रिय भाग मोडतो आणि त्यातला नायट्रोजन अमोनियमच्या रूपात सुटतो, रोपाला लगेच मिळतो. राख अल्कली असते आणि आमची जांभ्याची माती आंबट, तिच्यात लोह आणि ॲल्युमिनियम फॉस्फरसला धरून बसतात, राखेने आंबटपणा थोडा उतरला की तो जरा मोकळा होतो. शिवाय तणाचं बी भाजून मेलेलं असतं त्यामुळे जे आहे ते रोपालाच. तर आबांचं पण बरोबर आणि माझं पण. डोंगराचा नायट्रोजन हवेत जातो, मातीची शिल्लक मोडून रोपाला दिली जाते. बँकेतली ठेव मोडून लग्न करण्यासारखं आहे, लग्न झकास होतं.

मातीचे नमुने: भाजायच्या आधीचे पाच, नंतरचे पाच. डब्यांवर मार्करने लिहिलं.

३० एप्रिल

अक्षय्य तृतीया, आमरस, आणि दिवसभर शिवणकाम. लिटरबॅग. जुनी मच्छरदाणी (बारीक जाळी) आणि भाजीवाल्याकडची कांद्याची जाळी (मोठी भोकं).

आधी गणित केलं: तीन प्रकारची पानं, दोन जागा, दोन जाळ्या, चार वेळा उचलायच्या, प्रत्येकी तीन. एकशे चव्वेचाळीस पिशव्या! आईने मशीन माझ्यापुढे सरकवलं आणि निघून गेली. मग बारीक जाळी फक्त ऐनाला आणि फक्त देवराईत, ते झाले बारा, आणि मोठ्या भोकांच्या बहात्तर. एकूण चौऱ्याऐंशी.

पानं: ऐन, काजू, गिरीपुष्प. पहिली दोन गळलेली घेतली. गिरीपुष्पाची मात्र हिरवी तोडून वाळवली, कारण आमच्याकडे ते हिरवंच शेतात टाकतात. ही तुलना थोडी लबाडीची आहे हे मान्य, हिरव्या पानातून झाडाने काही काढून घेतलेलं नसतं. पण मला शेतात जे होतं ते बघायचंय.

नंबर कागदावर लिहून चालत नाही, पावसाळ्यात कागदच आधी कुजतो. कोल्डड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून खिळ्याने नंबर कोरले. बोट कापलं, टिटॅनस घेतलं.

२१ मे

तीन दिवस पाऊस. मे महिन्यात. पानं गच्चीवर वाळत होती ताडपत्रीखाली, ताडपत्री वाऱ्याने गेली शेजाऱ्यांच्या माडावर. सगळी पानं भिजली.

२६ मे

वेधशाळेने सांगितलं, मान्सून काल कोकणात पोचला आणि आज मुंबईत. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून! इतक्या लवकर म्हणे १९५० पासून आला नव्हता. माझं वेळापत्रक जूनच्या पहिल्या आठवड्याचं होतं, ते गेलं वाहून, आणि ते सोडा, गावात कोणाची धूळवाफ पेरणी झाली नाही. कोरड्या मातीत बी टाकायचं असतं, माती कोरडी आहेच कुठे.

पण आजची खरी नोंद वेगळी आहे. गच्चीवर जी बादली राहिली होती तिच्यात ऐनाची पानं पडून पाणी साठलं होतं. चहासारखं लालकाळं. माझ्याकडे पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) बघायचा पेन आहे, चारशे रुपयेवाला, सहज बुडवला. पन्हळीखालचं पावसाचं पाणी ११, बादलीतलं २३८. पेन काही कोणता क्षार ते सांगत नाही, पण पानातून सगळ्यात पहिलं सुटतं ते पोटॅशियम, कारण ते पेशीत कशाला बांधलेलं नसतं, रसात विरघळलेलं असतं. पान कुजायची वाटच बघत नाही, पहिल्या पावसात धुऊन निघतं. नायट्रोजन प्रथिनांत अडकलेला, कॅल्शियम पेशीभित्तीत अडकलेलं, त्यांना सोडवायला कोणीतरी पान खावं लागतं.

म्हणजे ही भिजलेली पानं पिशव्यांना बाद. त्यांचा पहिला टप्पा गच्चीवरच उरकला. गोठ्याच्या माळ्यावर गुरांखाली घालायचा पातेरा साठवलेला असतो, त्यातून ऐन नि काजू परत वेचली, दोन दिवस लागले. गिरीपुष्प चुलीवरच्या शिंकाळ्यात वाळवलं, त्याला आता धुराचा वास येतोय.

आणि दाढ. सकाळी बघायला गेले तर राख नाही. वरचा करडा थर गेलेला, बांधाच्या तोंडाशी काळी रेघ, पुढे व्हाळ (ओढा). बेचाळीस भाऱ्यांची राख. राखेतलं पोटॅश तर पाण्यात साखरेसारखं विरघळतं. व्हाळातून नदी, शास्त्री नदीतून जयगडची खाडी. तिथे माशांना मिळेल, खाडीला नाही म्हणायचं कारण नाही, पण आम्ही ते डोक्यावरून वाहिलं होतं. आबा काही बोलले नाहीत. बांधावर बसून राहिले बराच वेळ.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये हबर्ड ब्रुक म्हणून जंगल आहे, १९६३ पासून बोरमन आणि लायकन्स या शास्त्रज्ञांच्या जोडीने तिथल्या ओढ्यांना बंधारे घालून आत येणारं आणि बाहेर जाणारं एकेक क्षार मोजलं. १९६५ मध्ये एका अख्ख्या पाणलोटातली झाडं तोडून तिथेच टाकली, आणि परत काही उगवू नये म्हणून तणनाशक मारत राहिले. ओढ्यातलं नायट्रेट शेजारच्या न तोडलेल्या जंगलाच्या चाळीस पटींहून वर गेलं. लाकूड एक सुद्धा बाहेर नेलं नव्हतं! नुसतं उचलून घेणारं मूळ जिवंत नव्हतं एवढंच. आमच्या दाढीत पण तेच, राख आली होती आणि ती प्यायला एकही रोप नव्हतं. दोन आठवड्यांचा फरक.

३ जून

चौऱ्याऐंशी पिशव्या जमिनीला टेकवून खिळ्यांनी ठोकल्या. प्रत्येकीत १० ग्रॅम. पाऊस, जळवा. आबांनी रहू पेरणी केली, मोड आणून.

२२ जून

रात्री बॅटरी घेऊन देवराईत. एकटीने नाही, चुलतभावाला घेऊन, तो पूर्णवेळ बिबट्याबद्दल बोलत होता.

खाली बघितलं तर पातेरा हलत होता, खरंच. पैसे (ते काळे-तांबडे, खूप पायांचे किडे, हात लावला की वेटोळं करणारे, काही ठिकाणी वाणी म्हणतात), गोगलगायी, गांडुळं, आणि नावं माहीत नसलेले ठिपक्याएवढे उड्या मारणारे. पैसा पान कुरतडतो पण त्यातलं फारसं पचवत नाही, बारीक भुगा करून मागून टाकतो, आणि त्या भुग्यावर बुरशी नि जिवाणू तुटून पडतात कारण आता त्यांना कडा मिळाल्या. सुपारी कातरून दिल्यासारखं. काजूच्या बागेत तेवढाच वेळ बसले. साफ केलेली जमीन, दोन मुंग्या.

३ जुलै

पहिली उचल. गिरीपुष्पाच्या पिशवीत फक्त देठ आणि शिरा, १० पैकी २.२ ग्रॅम. काजू जवळपास होता तसाच, चकचकीत, ८.५. ऐन देवराईत ७.१ आणि बागेत ७.९.

एक पिशवी ११.३ ग्रॅम भरली. कुजून वजन वाढलं! मी काटा तीन वेळा शून्य केला. मग कळलं, आत माती शिरलीय, पावसाचे थेंब माती उडवतात आणि गांडुळांची विष्ठा पण आत. मॅडमना फोन केला, त्या हसल्या, म्हणाल्या भट्टीत जाळ. कॉलेजच्या भट्टीत ५५० अंशांवर जाळायचं, पान जळून जातं, माती नि राख उरते, त्यावरून मातीचं वजन वजा करायचं. वरचे सगळे आकडे तशी वजाबाकी करून आलेले आहेत, म्हणून ही नोंद मी खरं तर १६ तारखेला पुरी करतेय.

६ जुलै

आषाढी, आणि लावणी. तरवा लुकडा, पिवळट. बाबांनी युरियाची गोणी आणली.

चिखलात वाकल्या वाकल्या हिशोब केला. गोणी ४५ किलोची, त्यात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे २०.७ किलो. ऐनाच्या गळलेल्या पानात साधारण एक टक्का धरला तर तेवढ्याच नायट्रोजनला दोन टन सुकी पानं. दोन टन! बाबांनी ती गोणी स्कूटरवर पायाशी ठेवून आणली. यापुढे राबाच्या बाजूने किंवा विरोधात भाषण करायच्या आधी मला हा आकडा आठवायला हवा. अर्थात गोणीत पोटॅश नाही, फॉस्फरस नाही, आणि हवेतला नायट्रोजन फोडून त्याचा अमोनिया करायला कारखान्यात नैसर्गिक वायू वापरावा लागतो. म्हणजे पानात यावर्षीचं ऊन आहे आणि गोणीत कोट्यवधी वर्षांपूर्वीचं. रोपाला काय त्याचं.

२० जुलै

अळंबी! देवराईच्या गडग्याला लागून वारूळ आहे तिथे पांढरी छत्र्यांची रांग. काकू भल्या पहाटे पोचली होती, मी सहाला गेले तर अर्धी संपलेली. उरलेल्यांचं आईने सुकं केलं, खोबरं, थोडं कोकम, भाकरी.

या अळंबीची गोष्ट माझ्या प्रोजेक्टचा सगळ्यात भारी भाग आहे. वाळवीला लाकूड स्वतःला नीट पचत नाही. ती पातेरा-लाकूड चावून आत नेते, वारुळात त्याचे स्पंजासारखे गोळे करते आणि त्यावर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी लावते. शेतीच ती. बुरशी लिग्निन (लाकूड कडक करणारा पदार्थ) फोडते, वाळवी ते खाते. पावसाळ्यात ती बुरशी जमिनीबाहेर छत्री काढते आणि ती छत्री आमच्या कढईत येते.

तर मग मी कितव्या पायरीवर? झाड पहिली, बुरशी दुसरी, मी तिसरी. मासे खाते तेव्हा चौथी-पाचवी.

जेवल्यावर पायऱ्यांच्या आकड्यांचं परत काढलं. ओडम (दोन शास्त्रज्ञ भावांतला धाकटा, हॉवर्ड) याने फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज झऱ्याचा हिशोब १९५७ मध्ये छापला: वर्षाला चौरस मीटरमागे वनस्पतींनी पकडलेली ऊर्जा २०,८१० किलोकॅलरी, शाकाहाऱ्यांकडे ३,३६८, मांसाहाऱ्यांकडे ३८३, सगळ्यात वरच्यांकडे २१. भागाकार केला तर सोळा टक्के, अकरा टक्के, साडेपाच टक्के. "दहा टक्के" हा नियम नाही, ढोबळ मधला आकडा आहे, आणि परीक्षेत तो दगडावरच्या रेघेसारखा लिहायला लावतात याचा मला राग आहे. त्याच हिशोबात कुजवणाऱ्यांकडे गेलेली ऊर्जा ५,०६० आहे, शाकाहाऱ्यांपेक्षा जास्त! तो तर पाण्यातला झरा होता, तिथे शेवाळ खाणारे भरपूर. जंगलात तर विचारूच नका.

ही पायरीपायरीने ऊर्जा मोजायची कल्पना ज्याने मांडली तो रेमंड लिंडमन, मिनेसोटातल्या एका दलदलीच्या तळ्यावर काम करायचा. त्याचा पेपर आधी नाकारला होता, फार थिअरी आहे म्हणून. १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये छापून आला, तो जूनमध्येच गेला होता, वय सव्वीस. मी चोवीस. असो.

४ ऑगस्ट

दुसरी उचल. रानडुकरांनी बागेत उकरून तीन पिशव्या फाडल्या, तीनही गिरीपुष्पाच्या, ज्यात तसंही काही उरलेलं नव्हतं.

ऐन, देवराई: मोठ्या भोकांच्या जाळीत ५.९, बारीक मच्छरदाणीत ७.२. दोन्हीत बुरशी आहे, पाऊस तोच, जागा तीच, फरक फक्त पैसे-गांडुळांना आत जाता येतं की नाही याचा. तीन-तीन पिशव्यांवर उड्या मारू नये हे मान्य पण तिन्ही जोड्यांत एकाच बाजूला झुकतंय.

३० ऑगस्ट

गणपती. घरात एकवीस माणसं. मुंबईच्या काकांनी विचारलं, "पानं कुजतात हे बघायला दोन वर्षांचं शिक्षण?" मोदक वाढले आणि विषय बदलला. तिसरी उचल गौरी गेल्यावर.

१८ सप्टेंबर

नायट्रोजनचे आकडे आले लॅबमधून आणि मी दोन वेळा तपासून घेतले.

ऐनाचं पान सुरुवातीला १० ग्रॅम, नायट्रोजन ०.९ टक्का, म्हणजे ९० मिलिग्रॅम. ऑगस्टमध्ये उरलं ५.९ ग्रॅम, नायट्रोजन दीड टक्का. म्हणजे ८८ मिलिग्रॅम! पानाचा चाळीस टक्के भाग गेला, बराचसा कार्बन डायऑक्साइड होऊन, आणि नायट्रोजन जागचा हललाच नाही. जे पान उरलंय त्यात आता नुसतं पान नाही, बुरशी पण आहे. बुरशीला पानातली ऊर्जा हवी असते, ती भरपूर आहे, पण स्वतःचं शरीर बांधायला नायट्रोजन कमी पडतो, म्हणून मिळेल तो धरून ठेवते, आजूबाजूच्या मातीतून पण ओढते. सप्टेंबरच्या नमुन्यात ४.४ ग्रॅम उरलं, १.६ टक्के, म्हणजे ७० मिलिग्रॅम, आता कुठे सुटायला लागलंय. गिरीपुष्पाचं उलट, त्यात मुळातच नायट्रोजन इतका की बुरशीला पुरून उरतो, पहिल्याच महिन्यात मातीला मिळाला.

ऊर्जा आणि क्षार एकाच पानातून निघतात पण एका गाडीने जात नाहीत. ऊर्जा एकदाच वापरली जाते, उष्णता होऊन जाते. क्षार थांबत थांबत, हात बदलत, कोणीतरी मेलं की पुढच्याकडे.

आबांना दाखवलं. "म्हणून कच्चा खत घालू नये, भात पिवळा पडतो." परत तेच. मी चार महिने, एक भट्टी आणि एक लॅब वापरून जिथे पोचते तिथे हे बांधावर बसलेले असतात. मात्र का पिवळा पडतो हे त्यांना माहीत नव्हतं, ते मी सांगितलं, आणि त्यांनी नीट ऐकून घेतलं, विडी विझेपर्यंत.

१५ ऑक्टोबर

शेवटची उचल ४ तारखेला झाली. काजूचं पान चार महिन्यांनंतर बागेत अजून ६.१, देवराईत ४.८. पान तेच, फक्त जागा बदलली.

कापणी रखडत चाललीये, पाऊस जायचं नाव घेत नाही. आज झोडणी झाली, आणि मुंबईच्या काकांसाठी पन्नास किलो तांदळाची गोण बांधून ठेवली, दिवाळीला आले की नेतील. ती उचलताना हिशोब सुचला. किलोभर तांदळात एक ते तीन ग्रॅम फॉस्फरस असतो, किती पांढरा कांडलाय त्यावर. गोणीत पन्नास ते दीडशे ग्रॅम. तो टेपावरच्या ऐनाने जांभ्यातून मुळं घालून काढला, आम्ही डोक्यावरून दाढीत आणला, तरव्याने उचलला, दाण्यात भरला, आता तो हायवेने मुंबईला जाणार आणि तिथून वरळी नाहीतर वांद्र्याच्या मोठ्या नळातून अरबी समुद्रात. पेंढा तेवढा इथेच राहतो, म्हशीच्या पोटातून परत दाढीवर येतो.

जगात याच्याहून मोठे प्रवास चालतात म्हणा. सहाराची धूळ वाऱ्याने अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनवर पडते आणि तिच्यातून वर्षाला साधारण बावीस हजार टन फॉस्फरस तिथल्या जंगलाला मिळतो असा उपग्रहावरून काढलेला अंदाज आहे. आमच्या टेपावर धूळ पडते ती खडी क्रशरची.

२६ ऑक्टोबर

रिपोर्टचा पहिला मसुदा मॅडमना पाठवला. त्यांनी विचारलं, राबाला पर्याय काय सुचवतेस, शेवटचा चॅप्टर रिकामा का? मी लिहिलं होतं गिरीपुष्प बांधावर लावा, कंपोस्ट करा, नेरळचं सगुणा राईस तंत्र म्हणजे गादीवाफ्यावर थेट टोकणणी, त्यात दाढ, चिखलणी काहीच नाही. सगळं खरं आहे, पण आमच्या अडीच गुंठ्यात मी यातलं एकही करून बघितलेलं नाही, मग कुठल्या तोंडाने सुचवू.

रात्री जेवताना आबांकडे विषय काढला. पुढच्या वर्षी अर्धा गुंठा मला द्या, त्यात राब नाही, गिरीपुष्पाचं खत, आणि शेजारी तुमचा राब, एकच बियाणं, एकाच दिवशी. ते बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "घे. पण तो खालच्या आंगाचा घे, पाणी तुंबता तो."

म्हटलं आबा, मग तुलना कशी होणार, तिथे काहीच येत नाही.

"व्हय, म्हणून तर देतोय."

आई हसली. चुलतभाऊ म्हणाला वरच्या कोपऱ्यातला मागून घे. आता वाटाघाटी शिमग्यापर्यंत चालतील असं दिसतंय, तोवर कवळ तोडायचा की नाही हे पण ठरायचंय.